पेनकिलर चालू आहे, पोटाला काहीच त्रास नाही, मग पित्ताची गोळी कशाला?

प्रश्न बराच लांब होता म्हणून आधी दोन ओळीत सांगतो, बाकीच्यांनाही कळेल. बाबा 68 वर्षांचे, गावी राहतात, दोन्ही गुडघे झिजलेत, तीन महिने झाले डायक्लोफिनॅक 50 ची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. चार वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय म्हणून रोज एकोस्प्रिन 75, म्हणजे कमी डोसची ॲस्पिरिन, पण असते. बीपीची गोळी आहे. पोटाची तक्रार शून्य. मेडिकलवाला सोबत रॅनिटिडीन देतो, कुणीतरी म्हणालं पॅन-डी द्या, आणि कुणीतरी सांगितलं की गोळीपेक्षा इंजेक्शन घ्या, ते पोटात जातच नाही तर त्रास कसला. यातलं खरं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी पंचवीसेक वर्षं ओपीडी करतोय, आणि असा एक तरी पेशंट समोर आला नाही असा आठवडा जात नाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी हे, की पित्ताची कुठली गोळी हा प्रश्न नंतरचा, आधी ती डायक्लोफिनॅकच बाबांना नकोय. स्टेंट असलेल्या माणसाला ही गोळी रोज देत नाहीत, हार्ट अटॅकची शक्यता वाढते म्हणून. युरोपात तर 2013 पासून हृदयविकार असलेल्यांना ही देऊच नये असा स्पष्ट इशारा आहे. म्हणजे पोट वाचवायला गेलात आणि वाचलंही, तरी हृदयाचं काय? पण एक सांगून ठेवतो, हे वाचून घाबरून एकोस्प्रिन बंद करू नका. ती त्या स्टेंटसाठी आहे, ती हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. बंद करायची ती डायक्लो.

आता इंजेक्शनचं. आपल्याकडे पक्कं डोक्यात बसलंय की पेनकिलर "उष्ण पडते", पोटात जाऊन तिथं जळते, म्हणून जेवून घ्या, दुधाबरोबर घ्या, नाहीतर सरळ कमरेत सुई मारून घ्या. त्यात थोडं तथ्य आहे, गोळी पोटाच्या अस्तराला लागून थोडीफार आग करते हे खरं, पण खरं नुकसान तिथून होत नाही. पूर्वी मातीची घरं होती तेव्हा जमीन शेणाने सारवायचे, आठवतंय? चार-आठ दिवसांनी परत सारवायला लागायची, एक महिना कुणी हात लावला नाही की पोपडे निघायला लागायचे. पोटातलं अस्तर असंच आहे. आत जे ॲसिड असतं ते मटण पचवू शकतं, मग आपलं स्वतःचं पोट का पचत नाही? कारण वरून चिकट थर सतत सारवला जात असतो, त्याखाली ॲसिड मारणारा क्षार सुटत असतो, रक्तपुरवठा भरपूर असतो आणि खरचटलं तर रातोरात भरून येतं. हे सगळं काम करवून घेणारं रसायन म्हणजे प्रोस्टाग्लॅंडिन. आणि हेच प्रोस्टाग्लॅंडिन गुडघ्यात सूज आणि दुखणं पण वाढवतं. ॲस्पिरिन आणि तिच्या घरातल्या सगळ्या गोळ्या, डायक्लोफिनॅक पण त्यातलीच, ते तयारच होऊ देत नाहीत, हे 1971 साली जॉन व्हेन यांनी दाखवलं आणि पुढं 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. तर गुडघ्यातली आग विझते पण त्याच वेळी पोटातली सारवणारी बाई पण सुट्टीवर जाते.

आणि हे सगळं रक्तातून होतं. गोळी गिळा, सुई मारा, खालून बसवायची गोळी वापरा, औषध रक्तात गेलं की ते पोटाच्या अस्तरापर्यंत पोचणारच. म्हणून इंजेक्शनने पोट वाचत नाही. गोळीवर जे कोटिंग असतं, पोटात न विरघळता पुढं आतड्यात विरघळणारं, त्यानेही अल्सर, म्हणजे अस्तराला पडणारी जखम, टळत नाही. जेवून घेतल्यावर मळमळ, जळजळ कमी होते म्हणून जेवून घ्याच, पण त्याने अल्सर होत नाही अशा भ्रमात राहू नका. दुधाने घटकाभर बरं वाटतं आणि थोड्या वेळाने ॲसिड उलट जास्त सुटतं.

आता मुद्द्याचं, पोटाला काहीच त्रास नाही हे जे तुम्ही समाधानाने लिहिलंय ना तिथंच मला काळजी वाटते. जळजळ होणं आणि अल्सर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कित्येकांना भरपूर जळजळ होते, दुर्बीण टाकून बघावं तर आत काही नाही. आणि कित्येकांना, विशेष करून म्हाताऱ्या माणसांना, काहीच होत नाही आणि थेट रक्तस्राव होऊनच येतात. दुखणं कळू न देणं हेच त्या गोळीचं काम, तर अल्सरचं दुखणं तरी कसं कळणार, हे एक कारण असावं.

एक पेशंट सांगतो. बरीच वर्षं झाली, आषाढी होऊन आठवडा झालेला. साठीचे गृहस्थ, शेतकरी, आळंदीपासून पायी वारी करून आलेले. दिवेघाट चढून सासवडला पोचले आणि गुडघे बोलायला लागले. वाटेत कुठल्यातरी दुकानातून पुडी घेतली, चार गोळ्यांची, सुट्या कापून कागदात बांधलेल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक पुडी. चालणं एकदम सुधारलं म्हणून पुढं फलटणला परत तीच घेतली, नातेपुत्याला परत. एकादशीला उपवास, दिवसभर चहा आणि शेंगदाण्याचा लाडू, पण पुडी चुकली नाही. घरी आले ते थकलेले, सगळ्यांना वाटलं चालून चालून थकलेत. माझ्याकडे आणलं ते बायकोने, म्हणाली डॉक्टर हे सकाळी बाथरूममधून येताना भिंत धरून खाली बसले, आणि तोंड बघा कसं पांढरं फटक पडलंय. पापणी खाली ओढून बघितली तर कागदासारखी. संडासचा रंग विचारला तर म्हणाले चार दिवस झाले काळी होतीये, डांबरासारखी, वाटलं वारीत काय काय खाल्लंय त्याचं असेल. हिमोग्लोबिन 5.8. दुर्बीण टाकली तर जठराच्या खालच्या भागात रुपयाएवढा अल्सर. तीन बाटल्या रक्त चढवलं. मी त्यांना विचारलं पोटात दुखलं का, जळजळ, पित्त, आंबट पाणी? म्हणाले आयुष्यात कधी पित्त झालं नाही मला.

त्यांच्या खिशात एक पुडी शिल्लक होती, मी उघडून बघितली. दोन वेगवेगळ्या पेनकिलर, एक पित्ताची, आणि एक बारीक पांढरी गोळी जी स्टेरॉइड होती. म्हणजे पित्ताची गोळी त्यात होतीच! देणाऱ्याने आपल्या मते काळजी घेतली होती. पण दोन पेनकिलर एकत्र, वर स्टेरॉइड, त्यात साठीचं वय, या सगळ्यापुढं ती एक पित्ताची गोळी काय करणार.

आता बाबांचं गणित मांडा. वय 65 च्या वर, हा एक धोका. एकोस्प्रिन, हा दुसरा, 75 मिलिग्रॅम म्हणजे किरकोळ असं लोकांना वाटतं पण तीही त्याच घरातली आहे, म्हणजे बाबा आत्ताच दोन पेनकिलर घेतायत असं समजा. तीन महिने सलग, हा तिसरा. पूर्वी कधी अल्सर किंवा काळी संडास झाली होती का ते विचारा, कारण सगळ्यात मोठा धोका तोच. क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी अजून कुठली गोळी आहे का बघा. झोपेची किंवा मूडची गोळी मानसोपचारवाल्यांनी दिलीय का तेही बघा, त्यातल्या काहींनी, एस्सिटालोप्राम वगैरे, रक्तस्राव थोडा वाढतो. तंबाखू, दारू असेल तर तेही धरा. आणि डोकं दुखलं की बाबा अधूनमधून डिस्प्रिन किंवा कॉम्बिफ्लॅम घेतात का? हे हमखास राहून जातं, कारण पेशंटच्या लेखी ती डोकेदुखीची गोळी असते, पेनकिलर नसते. डिस्प्रिनमध्ये ॲस्पिरिन आहे, कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन. त्यातून आयबुप्रोफेनची अजून एक खोड अशी की एकोस्प्रिनच्या आधी घेतली तर ती एकोस्प्रिनची जागा अडवून बसते आणि स्टेंटला मिळणारं संरक्षण कमी होतं.

गुडघ्यासाठी कुणी "आयुर्वेदिक" म्हणून बिनलेबलची पूड देत असेल तर तीही सांगा. चांगल्या वैद्यांबद्दल बोलत नाहीये मी, पण गावोगाव फिरून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक कुटून घातलेलं अनेकदा सापडलंय. जडीबुटीने दोन दिवसात गुडघा ठणठणीत होत नसतो.

आता पित्ताच्या गोळ्या. रॅनिटिडीन नेहमीच्या डोसला घेतली तर लहान आतड्याच्या सुरुवातीला होणारा अल्सर थोडा टळतो, पण पेनकिलरने जास्त करून जठरात होतो आणि तिथं ती पुरत नाही. जळजळ मात्र थांबवते, म्हणजे घंटा काढून टाकते आणि आग तशीच. शिवाय त्यात एनडीएमए नावाची नको ती अशुद्धी सापडल्यावर अमेरिकेत 2020 मध्ये ती बाजारातून काढली, आणि आपल्याकडे 2022 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळली, मिळते मात्र अजून. डायजिन, जेलुसिल, इनो यांनी तर फक्त तेवढ्यापुरता आराम, आणि इनोमध्ये सोडियम भरपूर म्हणून बीपीवाल्यांनी रोज घेऊ नये. सुक्राल्फेटचं ते गुलाबी सिरप लोक आवडीने पितात, पण पेनकिलरने होणारा जठराचा अल्सर ते टाळत नाही. मिसोप्रोस्टॉल म्हणून एक औषध आहे जे नेमकं याच कामासाठी निघालं, प्रोस्टाग्लॅंडिनचीच नक्कल, काम उत्तम करतं पण जुलाब इतके लावतं की लोक सोडून देतात, आणि गर्भपात होऊ शकतो म्हणून आपल्याकडे त्याच्यावर नियंत्रण पण तसंच. तर राहतात त्या पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, एसोमेप्राझोल. यातली कुठलीही एक, दिवसातून एकदा. बाबांना पॅन्टोप्राझोल 40 किंवा रॅबेप्राझोल 20 चालेल. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल टाळा, त्या तिचा परिणाम कमी करतात.

साधी पॅन, म्हणजे नुसती पॅन्टोप्राझोल, पॅन-डी नको. ते डी म्हणजे डोम्पेरिडोन, उलटी-मळमळीचं औषध, अल्सर टाळण्यात त्याचा काडीचा उपयोग नाही आणि हृदयाच्या ठोक्याची लय बिघडवू शकतं. स्टेंटवाल्या माणसाला कारण नसताना कशाला? आपल्याकडे पॅन मागितली तरी हातात पॅन-डी ठेवतात, तेवढं स्ट्रिपवर वाचून घ्या.

घ्यायची कशी, यात दहातले सात जण चुकतात. बाबांची सकाळ मी इथं बसून सांगतो. उठले, चहा-बिस्किट, मग पेपर, मग नाश्ता, आणि नाश्ता झाल्यावर डबीतल्या सगळ्या गोळ्या एकदम तळहातावर घेऊन एका घोटात. बरोबर? पॅन अशी घेतली तर निम्मी वाया. पोटात ॲसिड सोडणारे बारीक पंप असतात, आपण खाल्लं की ते चालू होतात, आणि ही गोळी फक्त चालू झालेल्या पंपालाच कुलूप लावते. रक्तात ती तास-दोन तासच जोरात असते. म्हणून ती आधी रक्तात पोचलेली हवी आणि मग खाणं पोटात जायला हवं. उठल्यावर साध्या पाण्याबरोबर गोळी, अर्धा-पाऊण तास थांबायचं, मग चहा-नाश्ता. चहा-बिस्किट हे पण खाणंच आहे. गोळी उशाशी तांब्याजवळ ठेवा, हा सगळ्यात सोपा उपाय. चावायची, कुटायची नाही. आणि पूर्ण परिणाम यायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे ज्या दिवशी दुखलं त्या दिवशी पेनकिलरसोबत एक पॅन, याला संरक्षण म्हणत नाहीत.

याच कारणाने मला ती पेनकिलर आणि पित्ताची गोळी एकाच कॅप्सूलमध्ये घातलेली भानगड फारशी आवडत नाही. एक औषध जेवणानंतर घ्यायचं, दुसरं आधी, आणि दोन्ही एकाच टोपीत! पेशंट विसरत नाही एवढाच फायदा, तो मी नाकारत नाही.

पॅन चालू आहे म्हणजे आता काय वाटेल ते घ्या असं मात्र करू नका. पॅन जठर आणि त्याच्या लगतचं आतडं सांभाळते. पुढं जे वीस फूट आतडं आहे तिथं ॲसिडचा संबंधच नाही, त्यामुळे तिथल्या जखमांना तिचा उपयोग नाही, तिथून थेंब थेंब रक्त जाऊन हिमोग्लोबिन उतरत राहतं आणि कारण सापडत नाही. किडनीलाही पॅनचं संरक्षण नाही. बाबांची बीपीची गोळी टेल्मिसार्टनसारखी असेल आणि त्यात लघवी वाढवणारं औषध जोडलेलं असेल तर वरून पेनकिलर म्हणजे किडनीवर तिहेरी मार, उन्हाळ्यात किंवा जुलाब झाले असताना तर फारच. आपली गिधाडं याच डायक्लोफिनॅकने संपली, औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन, आणि ती किडनी निकामी होऊनच मेली. 2006 साली जनावरांसाठी ते बंद झालं, माणसांना आपण चहासारखं देतोय.

पोटाला कमी त्रास देणाऱ्या पेनकिलर आहेत का, तर आहेत. सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब या गोळ्या पोटातल्या सारवणाऱ्या बाईला बऱ्यापैकी सोडून देतात. पूर्वी अल्सर होऊन गेलेल्याला पेनकिलर द्यायचीच वेळ आली तर सेलेकॉक्सिब आणि सोबत पॅन-एसोमेप्राझोल गटातली गोळी, ही जोडी सगळ्यात सुरक्षित ठरलीये. पण याच घरातली रोफेकॉक्सिब हार्ट अटॅक वाढतात म्हणून 2004 मध्ये जगभरातून मागे घेतली, त्यामुळे बाबांना या गटातली पण नको, आणि एकोस्प्रिन सोबत असली की तो पोटाचा फायदा तसाही बराच कमी होतो. हार्टवाल्याला अगदीच द्यायची वेळ आली तर त्यातल्या त्यात नेप्रोक्सेन, थोडे दिवस, पॅनसोबत, तेही हार्टच्या डॉक्टरांना विचारून. पोटाला सगळ्यात वाईट म्हणाल तर केटोरोलॅक आणि पायरॉक्सिकॅम.

मग गुडघ्यांचं काय करायचं, त्यांना दुखतंय हे तर खरं आहे. मी काय करतो सांगतो. डायक्लोफिनॅकचंच जेल, गोळी नव्हे, दिवसातून तीन-चार वेळा गुडघ्याला, नुसतं पुसायचं नाही तर नीट चोळून. गुडघा वरवर असतो त्यामुळे औषध आत पोचतं, आणि रक्तात जातं ते गोळीच्या मानाने अगदी थोडं, पाच-सहा टक्क्यांच्या आसपास. पोटावर त्याचा भार नसल्यातच जमा. दुखणं जास्त त्या दिवशी पॅरासिटामॉल 650, लिव्हर ठीक असेल आणि दारू नसेल तर दिवसातून तीन वेळा चालते, खूप जोरदार नाही पण कामापुरती. मांडीचा व्यायाम, खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली, असं दोन्ही पायांनी दहा-पंधरा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पहिले तीन आठवडे काहीच वाटत नाही आणि इथंच लोक सोडतात. काठी, जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. गावी अजून खाली बसायचा संडास असेल तर त्याच्यावर ठेवायची कमोड खुर्ची घ्या, मांडी घालून जेवणं बंद करा, बाबा चिडतील, चिडू देत. आणि एखाद्या गुडघ्यात पाणी भरून सुजला असेल तर सांध्यात थेट स्टेरॉइडचं इंजेक्शन हा पण पर्याय आहे, ते कमरेत मारायच्या पेनकिलरच्या इंजेक्शनपेक्षा पूर्ण वेगळं, गल्लत करू नका.

पॅन किती दिवस, तर डायक्लो बंद केल्यावर सुद्धा बाबांचं वय आणि एकोस्प्रिन बघता मी चालू ठेवीन, हार्टच्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या. ज्याला फक्त पाच-सात दिवस पेनकिलर आहे आणि वय, जुना अल्सर वगैरे काही नाही त्याला पॅनची गरजच नसते बहुतेक वेळा. उलट काही लोक पंधरा-पंधरा वर्षं सवय म्हणून खातात, त्यांचं बी12 उतरतं, मॅग्नेशियम उतरतं, आणि एकदम बंद केली की ॲसिड उसळून येतं, मग वाटतं गोळीशिवाय जमतच नाही. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी केली की जमतं.

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी मात्र करून घ्या. अल्सरच्या मागे हा जंतू असतो हे दाखवल्याबद्दल मार्शल आणि वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं, आणि आपल्याकडे तो भरपूर लोकांच्या पोटात आहे. जंतू आणि एकोस्प्रिन-पेनकिलर दोन्ही एकत्र आले की धोका वाढतो. संडासची किंवा श्वासाची तपासणी असते, त्याआधी दोन आठवडे पॅन आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद लागतं, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. ही पॅन कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही, आणि डायक्लो चालू असताना तर अजिबात नाही.

संडास काळी, चिकट, डांबरासारखी आणि घाण वासाची झाली, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, उभं राहताना डोळ्यापुढं अंधारी आली किंवा अचानक पोट लाकडासारखं कडक झालं तर सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. लोहाच्या गोळीने पण संडास काळी होते पण ती चिकट नसते आणि तसा वास नसतो. बाबांना हे फोनवर स्पष्ट विचारा, आडून आडून नको, आपली वडीलधारी माणसं संडासचा रंग आपणहून सांगत नाहीत.

याच आठवड्यात सीबीसी (रक्ताची तपासणी, त्यात हिमोग्लोबिन कळतं) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करून घ्या. अँजिओप्लास्टीच्या फाईलमध्ये जुनं हिमोग्लोबिन असेल, ते शेजारी ठेवून बघा. 13 चं 11 झालं असेल तर बाबा कितीही "मला काही होत नाहीये" म्हणोत, दुर्बिणीची तपासणी करा, सकाळी उपाशी पोटी जायचं, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. आणि डॉक्टरांकडे जाताना औषधांची नावं आठवत बसू नका, घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, डब्या, पुड्या, देव्हाऱ्यामागे ठेवलेल्या आणि बंडीच्या खिशातल्या सुद्धा, एका पिशवीत घाला आणि ती पिशवी त्यांच्या टेबलावर ओता.